रिठी गावाचा इतिहास कसा शोधायचा

नागपूर जिल्ह्यात कितीतरी मौजांच्या नावापुढे ‘रिठी’ लिहिलेलं असतं. शिवार आहे, नकाशा आहे, वस्ती नाही. गाव का उठलं असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: पटकी आली, माणसं गेली. ते लिहून घ्या, पण पडताळल्याशिवाय मानू नका. इंग्लंडात यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी हे ओसाड गाव १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं उकरलं गेलं. चौदाव्या शतकातल्या महामारीनंतरही ते सुमारे दीडशे वर्षं नांदलं आणि शेवटची घरं उठली ती मेंढ्यांच्या कुरणासाठी.

सुरुवात कागदापासून करा. पटवाऱ्याकडून मौजा, तहसील, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि बंदोबस्त क्रमांक (महसूल ठरवताना गावाला दिलेला नंबर) घ्या. नुसत्या नावावर शोधायला गेलात तर हमखास फसाल. वडगाव, पिंपळगाव, खापरी ही नावं ठिकठिकाणी आहेत. मग मिसल बंदोबस्त (इंग्रजांच्या काळातलं महसूल ठरवणीचं दप्तर) आणि १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाच्या (जमिनीवरच्या हक्कांच्या नोंदीच्या) नकलेसाठी अर्ज करा. त्यात ‘आबादी’, म्हणजे वस्तीची जागा, कोणत्या खसऱ्यावर (जमिनीच्या तुकड्याच्या क्रमांकावर) लागली आहे ते आधी बघा, कारण प्रत्यक्ष जायचं तिथेच. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराकडे गावाची मालकी असण्याची पद्धत, १९५१ मध्ये संपली. त्याआधीच्या कागदात मालगुजाराबरोबर कुळांचीही नावं असतात. ती नावं शेजारच्या मौजांच्या कागदाशी ताडून बघा. तीच आडनावं पलीकडे वाढलेली दिसली तर गाव मेलं नाही, सरकलं. निस्तार पत्रकही (गावाच्या सामाईक जागा आणि हक्कांची नोंद) सोडू नका. आखर (गुरं गोळा करण्याची जागा), स्मशान, वहिवाटीची वाट त्यातच सापडते.

उठण्याचा काळ आवळायला जनगणना पुस्तिका घ्या. १९५१ पासूनच्या पुस्तिकांत लोकसंख्या गावनिहाय मिळते. आकडा दर दहा वर्षांनी थोडा थोडा उतरत गेला असेल तर साथ हे कारण टिकत नाही. पाणी, रस्ता, रोजगार तपासा. गाव त्याआधीच उठलं असेल तर १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ समोर ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशात वसलेल्या आणि ओसाड गावाची खूण वेगवेगळी असते. सूचीत पाहून घ्या.

शिवारात चैत्र-वैशाखात जा. रब्बी निघालेली असते, रान मोकळं असतं. काळ्या मातीत मधेच राखेच्या रंगाचा, जरासा उंच पट्टा दिसला की ती पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा. चालताना पायाखाली खापरं कुरकुरतात, कवेलूचे (कौलांचे) तुकडे, एखादं फुटकं जातं दिसतं. मात्र पांढरीची माती शेतकरी खत म्हणून नेतात, त्यामुळे उंची गेलेली असू शकते; तेव्हा जुनी चिंच, विहीर, मारुतीचा ओटा यांवरून जागा ठरवा. जुनापाणी, माहुरझरीकडे मोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. ती घराची जोती नव्हेत, लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. काहीही खोदू नका, उचलू नका; फोटो आणि खसरा क्रमांक पुरे. खजिन्यासारखं काही दिसलंच तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

माणसांकडे सगळ्यात शेवटी जा, हातात कुळांची यादी घेऊन. ‘गाव कधी उठलं?’ असं विचारू नका, त्याला अंदाजाचं उत्तर मिळतं. ‘रिठीवरच्या मातामायला नारळ कोण फोडतं?’ असं विचारा; मातामाय म्हणजे गावदेवी. ज्या घराचं नाव येईल, ते यादीत शोधा.