गोळी चालू आहे, पण शरीर साथ देत नाही? आधी हे करा

नैराश्याची गोळी सुरू झाली की शरीरसंबंधातल्या अडचणींचं सगळं खापर तिच्यावरच फुटतं. म्हणून आधी आठवून बघा, इच्छा गोळीच्या आधीच गेली होती का? नैराश्यात कशातच रस उरत नाही, मग इथे तरी कुठून उरणार! माझं तसंच होतं. एसिटालोप्राम ही नैराश्याची गोळी लागू पडल्यावर नवऱ्याजवळ जावंसं वाटायला लागलं, पण ऑरगॅझम (संबंधातला परमोच्च सुखाचा क्षण) काही येईना. अगदी जवळ येऊन सगळं विरून जायचं. हा मात्र गोळीचा प्रताप. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी ऑरगॅझम लांबतो किंवा होतच नाही, पुरुषांचं वीर्यपतन लांबतं. (शीघ्रपतनावर दिलं जाणारं डॅपॉक्सेटिन याच गटातलं, बरं का.) याच गटातलं पॅरॉक्सेटिन या त्रासासाठी जरा जास्तच बदनाम आहे.

डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही. तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठी लिहून टेबलावर सरकवा. मी सरकवली होती: ‘इच्छा होते. ओलावा कमी. ऑरगॅझम नाही. आजारपणाआधी असं नव्हतं.’ डॉक्टर बाईंनी वाचली आणि सर्दी-खोकल्याबद्दल बोलावं तितक्या सहज बोलायला लागल्या. नेमकं कुठे अडतंय ते लिहा. ‘प्रॉब्लेम आहे’ एवढ्याने काही कळत नाही. मधुमेह, बीपीच्या गोळ्या, दारू हेही लपवू नका.

डॉक्टर डोस कमी करतील, किंवा हा त्रास कमी असलेलं नैराश्यावरचं दुसरं औषध, ब्युप्रोपिऑन वा मिर्टाझापिन, सुचवतील. फिट्स येत असतील तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढू शकतं. पुरुषांना लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिल देतात, पण हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने त्याला हातही लावू नये, रक्तदाब धोकादायक घसरतो.

मनाने गोळी बंद करू नका. चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात, आणि नैराश्य परततं ते वेगळंच. सुट्टीपुरती गोळी टाळायची युक्तीही डोक्यातून काढा. एसएसआरआय गटातलंच फ्लुओक्सेटिन तर अंगात कित्येक आठवडे राहतं, दोन दिवसांनी काय होणार?

नवऱ्याला मी सरळ सांगितलं, ‘तुझ्यात काही कमी नाही रे, गोळीमुळे होतंय.’ त्याचा चेहराच सैल झाला.

गोळी थांबवल्यावर बहुतेकांचा त्रास जातो, पण काहींचा राहतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये हा इशारा औषधांच्या माहितीपत्रकात घालायला सांगितलंय. तेव्हा ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून कुणी वाटेला लावलं, तर दुसरा डॉक्टर गाठा.