मायनिंगची चिप: प्रकल्प म्हणून उत्तम, धंदा म्हणून अवघड

जळगाव-धुळ्याकडील इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी मला दोन प्रश्न एकत्रच विचारतात: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बिटकॉइन मायनिंगची (व्यवहारांच्या नोंदी पक्क्या करून बदल्यात बिटकॉइन मिळवण्याची गणिते करणारी) चिप हा विषय घ्यावा का, आणि पुढे तिचाच उद्योग उभा राहील का? मी मूळचा भुसावळचा असून चिप-डिझाइनमध्ये नोकरी करतो. पहिल्या प्रश्नाला माझा होकार आहे, दुसऱ्याला जवळजवळ नकार, आणि गंमत अशी की दोन्हींचे कारण एकच आहे: या चिपच्या गणिताचा साधेपणा.

बिटकॉइनचे एसएचए-२५६ हे गणित (त्याच्या उत्तराला हॅश म्हणतात) म्हणजे ठरावीक बेरजा आणि बिट फिरवणे यांच्या ६४ फेऱ्या. मायनिंगमध्ये ते लागोपाठ दोनदा करावे लागते. त्याचा एक गाभा व्हेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेत लिहून एफपीजीए (हवे ते सर्किट पुन्हा पुन्हा भरता येणारी चिप) बोर्डावर चालवणे मेहनती विद्यार्थ्याला एका सत्रात जमते, आणि पाइपलाइन, टायमिंग व वीजवापर यांचा उत्तम अभ्यास होतो. बाजारातील चिपमध्ये मात्र अशाच गाभ्याच्या असंख्य प्रती असतात. तर्करचनेत दडवून ठेवण्यासारखे फारसे काही नसल्याने स्पर्धा उरते ती अगदी कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या सर्किटची आणि अद्ययावत फाउंड्रीत (चिप बनवून देणाऱ्या कारखान्यात) वेळेवर जागा मिळवण्याची. त्यासाठी डिझाइन, मास्क (चिप छापण्याचे साचे) आणि आगाऊ रक्कम मिळून कोट्यवधी रुपये पहिली चिप हाती येण्यापूर्वीच गुंततात. इंटेलसारख्या कंपनीने २०२२ मध्ये ब्लॉकस्केल ही मायनिंग चिप जाहीर केली आणि २०२३ मध्ये ती मालिका बंद करण्याचा निर्णय घेतला.

उत्पन्नाची बाजू त्याहून कठोर आहे. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक ब्लॉकमागे (व्यवहारांच्या नोंदींच्या गठ्ठ्यामागे) ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दर दहा मिनिटांना एक ब्लॉक धरला, तर व्यवहार शुल्क वगळता साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० बिटकॉइन तयार होतात. यंत्रे वाढली तरी हा आकडा वाढत नाही, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर गणिताची काठिण्यपातळी नव्याने ठरते आणि ब्लॉकचा वेग पुन्हा दहा मिनिटांच्या आसपास येतो. त्यामुळे तुमची चिप सहा महिने उशिरा आली, तर तिचा वेग तोच राहतो, पण तिच्या वाट्याला येणारा हिस्सा बहुधा आटलेला असतो. २०१६ च्या अँटमायनर एस९ या मायनिंग यंत्राला एका टेराहॅशमागे (एक लाख कोटी हॅशमागे) सुमारे १०० ज्यूल लागत. त्याच मालिकेतील नव्या एस२१ ला १७.५ लागतात. ही दरी एका हुशार विद्यार्थ्याच्या कल्पकतेने भरून निघत नाही.

उद्योग आपल्याच भागात काढायचा म्हटले, तर विजेचा हिशेब आधी करावा. साडेतीन किलोवॉटचे यंत्र दिवसाला ८४ युनिट खाते. ८ रुपये दर धरला, तरी रोजचे ६७२ रुपये झाले. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा थंडाव्याचा खर्च वेगळा. (भुसावळजवळचे दीपनगरचे वीजकेंद्र शेजारी आहे म्हणून वीज स्वस्त पडते, ही समजूत काढून टाकावी.) शिवाय आभासी मालमत्तेवरील नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येत नाही.

आणखी एक जोखीम अशी, की ही चिप दुसऱ्या कोणत्याही कामाची नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाने मायनिंगची पद्धतच सोडली. त्यासाठीच घडवलेली यंत्रे तेव्हा बहुतांशी निरुपयोगी ठरली, त्याच कामाला लावलेली ग्राफिक्स कार्डे मात्र निदान विकता तरी आली.

म्हणून प्रकल्प एफपीजीएवरच ठेवावा. अहवालात केवळ वेग न देता एका हॅशमागे किती ऊर्जा लागली, व्होल्टेज आणि चिपच्या क्लॉकची गती बदलल्यावर त्यात काय फरक पडला, याच्या मोजमापांचा तक्ता द्यावा. पुण्या-बंगळुरूच्या मुलाखतींत बिटकॉइनविषयी क्वचितच कोणी विचारते. या तक्त्यावर मात्र अर्धा तास सहज बोलणे होते.