पिकअपला बर्फात काय घालायचं, विंटर टायर की चेन?

फोर बाय फोर आहे म्हणजे बर्फात वेगळं काही लागत नाही, असं ज्याला वाटतं त्याने एकदा रिकाम्या मैदानात बर्फावर ३० च्या स्पीडला ब्रेक मारून बघावा. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी निघते मस्त, पण ब्रेक तर साध्या कारलाही चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबायच्या वेळी फोर बाय फोरचा काही उपयोग नाही, तिथे फक्त टायरची पकड. त्यात पिकअपचं जास्त वजन पुढे, इंजिनकडे, मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं नुसती रस्त्याला टेकलेली असतात आणि वळणावर शेपूट आधी सुटतं.

आता विंटर टायर की चेन, म्हणजे टायरभोवती गुंडाळायची साखळी, हे तुमच्याकडे थंडी किती दिवस असते त्यावर ठरवा, बर्फ किती पडतो त्यावर नाही. साध्या टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, मग रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, वर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. म्हणजे दोन-तीन महिने रोज थंडीत गाडी चालवायची असेल तर सरळ विंटर टायर घ्या. वर्षातून दोनदा एखादा घाट चढायचा असेल आणि बाकी वेळ रस्ते उघडेच असतील तर चांगले ऑल सीझन टायर आणि सोबत चेन, एवढं पुरतं.

टायर घेताना बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह आहे का बघा, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणजे टायर बर्फावर टेस्ट झालाय असं नाही. आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, अजिबात विसरू नका, पिकअपवाले इथेच फसतात. १२१ म्हणजे एका टायरवर १४५० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो, त्यामुळे साइज तीच असली तरी कारचा टायर माल भरलेल्या पिकअपला चालेलच असं नाही. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. चारही एकदम बदला, फक्त मागचे दोन बदलले तर पुढची चाकं वळायच्या वेळी सरळच जातात. आणि हो, रुंद टायर दिसायला भारी असला तरी ताज्या बर्फात अरुंद टायर बरा, तो बर्फ कापून खाली जातो. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा, तापमान ५-६ डिग्रीने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते.

चेनचं प्रकरण जरा किचकट आहे. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा, काही पिकअपमध्ये ठराविक साइजच्या टायरवर चेन लावायला मनाईच असते आणि कुठल्या चाकांना लावायची तेही त्यातच लिहिलेलं असतं. टू व्हील ड्राइव्ह पिकअप असेल तर मागच्या चाकांना, कारण ओढणारी चाकं ती. मग चाकाच्या आतून हात घाला आणि टायर ते सस्पेन्शन, टायर ते ब्रेकची नळी यात किती बोटं जागा आहे बघा, जागा कमी असेल तर एस क्लासची बारीक चेन लागते. आडव्या पट्ट्यांची शिडीसारखी चेन सरळ ओढते छान पण बाजूला घसरते, शंकरपाळी नक्षीची महाग असली तरी वळणावर जास्त भरवशाची, मी तीच घेईन.

साइज टायरवरून वाचूनच घ्या. मी एकदा टायर बदलल्यावर जुनीच चेन टाकून निघालो, चढावर अंधारात गुडघ्यावर बसलो, आतला हुक कसाबसा लावला आणि बाहेरचा दोन कड्यांनी कमी पडला, बोटं बधिर, गाडी तिथेच. तेव्हापासून नवी चेन घरी कोरड्या जागेत एकदा चढवून बघतो. आधी आतला हुक, मग बाहेरचा ताण, हुकांची तोंडं टायरपासून लांब. ५०-१०० मीटर चालवून थांबा आणि परत आवळा, पहिल्यांदा ती सैल होतेच. ५० च्या वर जायचं नाही, चाक जागेवर फिरवायचं नाही, उघडा डांबरी रस्ता लागला की लगेच काढायची, नाहीतर कडी तुटून मडगार्ड फोडते.

हौद्यात मागच्या एक्सलच्या वर वाळूची दोन-चार पोती टाका आणि घट्ट बांधा, सुटली तर ब्रेक मारताना पुढे येतात. काही घाटांत विंटर टायर असले तरी चेन सोबत लागतेच, तेव्हा ती पिशवीत असू दे, सोबत जाड ग्लोव्ज, डोक्याला लावायचा टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई. वापरून झाली की धुवून वाळवून ठेवा, रस्त्यावरच्या मिठाने ती एका सीझनमध्ये गंजते.