सिगार आत ठेवण्याआधी: ह्युमिडॉरच्या तयारीची यादी

मेजावरचा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलीत जपणारी पेटी, घरी आला की पहिला मोह होतो तो सिगार मांडून झाकण मिटायचा. मीही तेच केलं होतं. आठवड्याभरात बाहेरची पानं बोटाखाली कुरकुरायला लागली आणि झाकणावरचा आर्द्रतेचा काटा मात्र ऐटीत सत्तर टक्क्यांवर उभा. लाकूड कोरडं ठणठणीत होतं. मी त्याला पाणी पाजलं नव्हतं, म्हणून त्यानं सिगारांचं प्यायलं. तेव्हापासून माझी यादी सिगारांपासून नाही, काट्यापासून सुरू होते.

पेटीबरोबर येणारा गोल पितळी काटा शोभेचा समजा आणि साधा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घ्या, शक्यतो दोन. त्यांच्यावरही डोळे झाकून विश्वास नको, आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी घालत ओल्या वाळूसारखा लगदा करा. मीठ विरघळून गेलं किंवा वर पाणी तरंगायला लागलं तर पुन्हा करा. हे झाकण आणि हायग्रोमीटर एकमेकांना न लागता झिपच्या पिशवीत बंद करून एक पूर्ण दिवस एकाच जागी राहू द्या. अशा लगद्यावरच्या कोंडलेल्या हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ७१ दाखवत असेल तर तो चारनं कमी बोलतो. त्याच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी लावून ‘अधिक ४’ लिहून ठेवा. माझ्या एकावर अशी चिठ्ठी आहे, दुसरा सरळमार्गी निघाला.

मग झाकण. रात्री दिवे मालवून पेटीत पेटता टॉर्च ठेवा आणि चहूबाजूंनी फट उजळते का पाहा. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण लावा आणि ओढा. प्रत्येक बाजूला थोडा अडथळा जाणवायला हवा. काचेचं झाकण असेल तर काच आणि लाकूड जिथे जुळतात तिथे जास्त बारकाईनं बघा, बहुतेक गळती तिथेच असते. फटीची पेटी कितीही पाणी घाला, कधी एकसारखी राहत नाही.

आता लाकूड. आतलं अस्तर बहुधा स्पॅनिश सिडरचं असतं. नाव फसवं आहे: हे झाड अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं, महोगनीच्या कुळातलं, खऱ्या सिडरशी त्याचं नातं नाही. ते ओल शोषून घेतं आणि हवा कोरडी पडली की सावकाश परत देतं, म्हणून ते पेटीचं खरं गोदाम. हे गोदाम आधी भरायचं. सोपा मार्ग म्हणजे आर्द्रता ८४ टक्क्यांवर ठेवणारे तयार पाऊच रिकाम्या पेटीत ठेवून झाकण १४ दिवस न उघडणं. पाऊच नसतील तर डिस्टिल्ड वॉटरनं भिजवलेला नवा स्पंज प्लास्टिकच्या बशीत ठेवा, लाकडाला मात्र लागू देऊ नका. ओल्या फडक्यानं आतून पुसून काढायचा जुना सल्ला आजही कानावर येतो. मला तो पटत नाही. पृष्ठभाग एकदम फुगतो, आतलं लाकूड कोरडंच राहतं आणि पातळ फळी वाकली की मघाशी तपासलेलं झाकण पुन्हा उघडं पडतं. चौदा दिवसांनी ते पाऊच किंवा स्पंज बाहेर काढा, ओलीचा रोजचा स्रोत आत ठेवा आणि आकडा दोन-तीन दिवस एका जागी थांबेपर्यंत सिगारांना हात लावू नका.

रोजचा स्रोत एकच ठरवा. दोन्हीकडे काम करणारे पाऊच, म्हणजे जास्तीची ओल ओढणारे आणि कमी पडली तर सोडणारे, सगळ्यात बिनघोर. ६५ किंवा ६९ यांपैकी एक आकडा निवडा. दोन वेगळे आकडे एकाच पेटीत ठेवले तर ते आपसात भांडत बसतात. दर २५ सिगारांच्या जागेला ६० ग्रॅमचा एक पाऊच हा हिशोब पेटीच्या क्षमतेवर करा, आत किती सिगार आहेत त्यावर नाही. फोमचा स्रोत असेल तर पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातले क्षार फोममध्ये साचतात आणि त्याचं पाणी धरणं-सोडणं बिघडतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट जागेची. पेटीतली असमान आर्द्रता पुष्कळदा पाण्याची नसून तापमानाची असते. २० अंशांना ६९ टक्के असलेली हवा, वाफ तेवढीच राहून, १८ अंशांवर आली की जवळपास ७८ टक्के होते. म्हणजे पेटीची एक बाजू थंड भिंतीला टेकलेली आणि दुसरीवर दुपारचं ऊन असेल, तर ओल हळूहळू थंड बाजूला सरकते: तिथले सिगार फुगतात, उन्हाकडचे वाळतात आणि मधोमध ठेवलेला मीटर सगळं आलबेल असल्याचं सांगतो. खिडकी, एसीचा झोत, हीटर, टीव्हीचं किंवा फ्रिजचं डोकं, सगळं टाळा. भिंतीपासून चार बोटं सोडून, १८ ते २१ अंशांच्या आसपास राहणारा खोलीचा कोपरा शोधा. पेटीत पारा २५ च्या वर रेंगाळला तर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबण्याचीही भीती. बाहेरच्या पानावर टाचणीएवढं भोक दिसलं तर तो आलाच समजा.

भरताना पाऊण पेटीवर थांबा. स्रोताची जाळी झाकेल असं काही रचू नका आणि कडेला बोटभर वाट मोकळी ठेवा. हवा फिरलीच नाही तर स्रोत एकीकडे आणि कोरडेपणा दुसरीकडे. स्रोत फक्त झाकणाला असेल तर वरचा ट्रे ओलसर आणि तळ रुक्ष हे ठरलेलं, म्हणून एक पाऊच तळाशीही सरकवा. दोन मीटर इथेच कामाला येतात, एक वर आणि एक तळाच्या दूरच्या कोपऱ्यात. दोघांत दोन टक्क्यांचा फरक असेल तर सोडून द्या, पाचाचा असेल तर वरचे सिगार खाली आणि खालचे वर करा. एरवीही महिन्यातून एकदा ही अदलाबदल करायला हरकत नाही. सिगारवरचं सेलोफेनचं वेष्टन ठेवावं की काढावं हा वाद ज्याचा त्याचा. ठेवलंत तर सिगार जरा उशिरा स्थिरावतो, एवढंच.

सिगार आत गेल्यावर आकडा खाली येईल. येऊ द्या. लगेच पाणी ओतायला धावलात तर पुढच्या आठवड्यात ७५ पार झालेली पेटी उघडी टाकून बसावं लागेल. एखाद्या टोकाशी पान उकलून फुटलेलं दिसलं तर ओल जास्त, हलक्या दाबानं चुरा पडला तर कमी. पांढरा-हिरवा लोकरीसारखा ठिपका दिसला तर बुरशी, तो सिगार आधी बाहेर. पाऊच चिमटीत धरून पाहायची सवय लावा, कडक गोळी झाली की बदलायचा. बदलल्याची तारीख त्याच्यावरच पेनानं लिहायची. माझ्या पेटीत आज वर ६८, तळाशी ६७, चिठ्ठीवरचे चार धरून. पाऊच अजून मऊ आहे.