गरोदरपणातल्या गोळ्यांची पिशवी कशी ठेवायची, अन् बाळासाठी ती का लागते

मी नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे, आमच्याकडं बीड, धाराशिव, लातूरकडची लेकरं येतात. बाळ आलं की आम्ही आधी विचारतो, आईला गोळ्या कोणत्या चालू होत्या? अन् उत्तर येतं, "लाल गोळी होती, एक पांढरी होती, अन् मधी एक बारकी दिली होती." लाल म्हणजे रक्तवाढीची हे आम्हाला कळतं, पण ती बारकी कशाची ते नवऱ्याला माहीत नसतं, सासूला माहीत नसतं, अन् आई तिकडं टाक्यांच्या दुखण्यात पडलेली असती.

एकदा रात्री एक बाळ आलं, जन्मून वीस तास झालेले, हातपाय थरथरायलेत, दूध ओढत नाही. टाचेतून थेंबभर रक्त काढून शुगर बघितली तर खूप कमी. आईला शुगर नव्हती, बाळाचं वजन पण बरं होतं, मग कशानं? तेवढ्यात आजीनं कनवटीची पिशवी सोडली, सुपारीच्या खांडांमधून एक दुमडलेलं रिकामं पाकीट काढलं अन् म्हणाली, "बाई, ही दाबाची गोळी खात होती बघा ती." पाकिटावर लॅबेटॅलॉल लिहिलेलं. या गोळीनं जन्मल्यावर बाळाची शुगर खाली येऊ शकते, ठोके कमी होऊ शकतात. मग डॉक्टरांनी त्या हिशोबानं सलाइन लावलं, शुगर घंट्या-घंट्याला बघितली, दोन दिवसात बाळ अंगावर प्यायला लागलं. आता ती गोळी चुकीची होती का? अजिबात नाही, बीपी तसंच वाढू दिलं असतं तर आईला झटके येऊ शकले असते, दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. गोळी लागतच होती, फक्त आम्हाला ती माहीत पाहिजे होती, अन् ते त्या आजीमुळं झालं.

म्हणून पहिलं काम पिशवीचं. चेनची छोटी पिशवी घ्या, तिच्यात माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद अन् प्रत्येक गोळीचं पाकीट, रिकामं झालं तरी. मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नावाचा भाग बऱ्याचदा त्याच्याकडंच राहतो, त्याला तिथंच म्हणायचं, भाऊ पाकिटाचा मोबाइलमधी फोटो काढू द्या. गावातल्या डॉक्टरनं पुडीत बांधून दिलं तर पुडीवर नाव लिहून मागायचं, लाजायचं नाही. कोणत्या महिन्यात किती दिवस खाल्ली ते पण पेनानं मागं लिहा, कारण एकच गोळी दुसऱ्या महिन्यात एक करते अन् नवव्यात वेगळंच करते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं ही पिशवी टेबलावर रिकामी करून दाखवा. ज्या बाया कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात त्यांना तर हात जोडून सांगते, दसऱ्या-दिवाळीनंतर टोळी निघाली की भांड्याकुंड्यांच्या आधी ही पिशवी बांधा, कारखान्याच्या भागातल्या डॉक्टरला तुमचं मागचं काहीच माहीत नसतं.

दुसरं, आधीपासून चालू असलेल्या गोळ्या. फिट्स, बीपी, थायरॉइड, शुगर, मनाच्या आजाराच्या. दिवस राहिले कळलं की काही जणी भिऊन सगळं बंद करतात, काही जणी तसंच खात राहतात, दोन्ही धोक्याचं आहे. फिट्सवरची सोडियम व्हॅल्प्रोएट खाणाऱ्या आयांच्या १०० बाळांमागं साधारण १० बाळांना जन्मजात व्यंग असतं, अन् ३० ते ४० लेकरं पुढं बोलण्या-शिकण्यात मागं पडतात, पण अचानक सोडली अन् मोठी फिट आली तर आई अन् बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, तेव्हा पाळी चुकल्याचं पण धड लक्षात आलेलं नसतं, म्हणून फिट्सवाल्या पोरीनं लेकराचा विचार करायच्या आधीच डॉक्टरला भेटून गोळी बदलून घ्यावी अन् फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या बाळाच्या किडनीला मारक आहेत, दिवस राहिले की त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, बदलून दुसऱ्या मिळतात. थायरॉइडची थायरॉक्सिन मात्र चालूच ठेवायची, बऱ्याचदा डोस वाढवावा लागतो, बाळाच्या मेंदूला ती लागते.

आता मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्या, इथंच सगळ्यात जास्त गडबड होते. कंबर दुखायली, वाकून वाकून अंग मोडून आलंय, नवरा जातो अन् म्हणतो एक जोरदार गोळी द्या. त्या जोरदार गोळीत डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन असतं. पाच महिने झाले की हे औषध वारेतून बाळापर्यंत जाऊन किडनीवर बसतं, बाळाची लघवी कमी होते अन् गर्भपिशवीतलं पाणी आटतं. सातव्या महिन्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मल्यावर बंद व्हायची असती, ती पोटातच आखडायला लागते. कॉम्बिफ्लाममधी पण पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन आहे, नाव वाचून फसू नका. ताप आला तर अंगावर काढू नका, तापानं पण बाळाला त्रास होतो, साधी पॅरासिटामॉल घ्या अन् दवाखान्यात दाखवा. हां, डॉक्टरनं बीपी वाढू नये म्हणून बारकी अ‍ॅस्पिरिन लिहून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती मनानं सोडायची नाही. डॉक्सीसायक्लिननं बाळाचे दात पिवळे पडू शकतात. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन तर नखाएवढी पण नको, तिच्यानं चेहरा, हृदय, मेंदू सगळ्यात व्यंग येतं.

अन् एक गोष्ट जी कुणी मोठ्यानं बोलत नाही. मुलगा व्हावा म्हणून दीड-दोन महिन्यांत जे औषध दुधातून देतात ते. लेकरू मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच बापाच्या बीजावरून ठरलेलं असतं, नंतर कोणतीच पुडी ते बदलत नाही. पण नेमकं त्याच आठवड्यात बाळाचं हृदय, हातपाय, लिंग घडत असतं. हरियाणात अशा औषधांवर अभ्यास झाला तेव्हा ती घेणाऱ्या बायांमधी व्यंग असलेली अन् पोटातच दगावलेली बाळं जास्त दिसली. घेतलं असेल तर लपवू नका, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरला सांगा, आम्ही तुम्हाला रागावणार नाही. मिश्रीचं पण तसंच, ती औषध नाही, पण दात दुखतो म्हणून दिवसातून चार वेळा लावतात, ती जाळलेली तंबाखूच आहे, बाळ वजनानं कमी भरतं.

बाळ झाल्यावर पिशवी बाळाच्या डॉक्टरच्या हातात द्या. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाची किंवा ट्रामाडॉलची सवय लागलेली असेल तर बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कर्कश रडतं, थरथरतं, झोपत नाही, त्याचं शरीर ते औषध मागत असतं. डिप्रेशनच्या सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्यांनी पण काही बाळं चिडचिडी होतात, नीट पीत नाहीत, ते बहुतेक वेळा सौम्य असतं अन् दोन आठवड्यांच्या आत निवळतं, पण त्या भीतीनं आईनं गोळ्या सोडू नयेत. फिट्सच्या फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनवाल्या आईच्या बाळाला पहिल्याच दिवशी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मांडीत व्हिटॅमिन के ची सुई दिली का ते विचारून घ्या.

घरी आल्यावर बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळे पडत असतील, श्वास जोरात चालू असेल, अंग गार पडलं असेल किंवा हात धरून ठेवला तरी थरथर थांबत नसेल तर १०८ ला फोन करा, सकाळ होऊ देऊ नका. एक अजून, गोळ्या चालू आहेत म्हणून बऱ्याच घरात आईचं दूध तोडतात अन् पाणी घातलेलं शेळीचं दूध देतात. बहुतेक गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येतं, तोडायच्या आधी पाकीट दाखवून विचारा. आशाताई ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी घरी येते, तोपर्यंत पिशवी खुंटीलाच राहू द्या, बाळंतपणानंतर चालू केलेल्या गोळ्या पण तिच्यातच टाका.