वांग्याचा गर, आमरसाच्या पिशव्या आणि फ्रीझर: या चुका टाळा

आमच्या जळगावच्या घरात फ्रीझर म्हणजे बर्फाचे दोन ट्रे आणि पोरांची कुल्फी, एवढंच बरीच वर्षं होतं. नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं, निम्म्या आठवड्याचा स्वयंपाक रविवारीच उरकायचा. पहिल्याच हिवाळ्यात दोन किलो वांग्यांचं भरीत केलं आणि फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे सगळ्यांसकट एका मोठ्या डब्यात गोठवलं. पंधरा दिवसांनी डबा काढला तर आत वीट. चार माणसांपुरतं काढायला सुरी झाली, उलथनं झालं, शेवटी बत्ता घेतला. सुटल्यावर तळाशी पाणी आणि पात शेवाळासारखी लिबलिबीत. सासूबाईंनी ताटाकडे बघून एवढंच विचारलं, "हाई काय शे?"

चूक होती पूर्ण झालेला पदार्थ गोठवण्याची. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्यात पातीच्या पेशी फुटतात आणि सुटल्यावर ती मान टाकते. आता मी फक्त भाजून, सोलून, ठेचलेला वांग्याचा गर ठेवते. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धुराचा वासही त्यात बऱ्यापैकी टिकतो. हिरव्या मिरचीची फोडणी, पात, दाणे हे सगळं ताजं, खायच्या दिवशी. एका जेवणापुरता गर एका पिशवीत, हवा काढून, बोटभर जाडीचा चपटा थापायचा आणि पिशवी ताटावर आडवी गोठवायची. चपटं लवकर गोठतं, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात, आणि सुटतंही लवकर. एकदा कडक झाल्या की पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात.

शेवभाजीचंही तसंच. कांदा, सुकं खोबरं, लसूण भाजून काळ्या मसाल्यात वाटलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरा. रस्सा दहा-पंधरा मिनिटांत होतो, शेव अर्थातच पानात वाढताना. मात्र तो ट्रे पुन्हा बर्फाला वापरू नका. आमच्याकडे लिंबू सरबताला लसणाचा वास आला होता.

काही गोष्टी फ्रीझरला मानवतच नाहीत. रश्श्यातला बटाटा रवाळ होतो, दही फुटतं, काकडीचं पाणी होतं. रावेर-यावलकडून केळीचा घड आला की सालासकट कोंबू नका. साल काळी पडते आणि गोठलेली सोलताना बोटं बधिर होतात. सोलून काप करा, दुधात फिरवायला उत्तम.

मटार आणि तुरीचे ओले दाणे कच्चेच भरले तर गोठल्यावरही आतली विकरं (एन्झाइम) हळूहळू काम करत राहतात. रंग जातो, चवही उतरते. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग कापडावर कोरडे करून भरा. कोरडे केले नाहीत तर त्यांचाही गोळा.

"आमचा फाइव्ह स्टार फ्रिज आहे, तरी आतलं मऊच राहतं," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. दारावरचे ते तारे विजेच्या बचतीचे. थंडीचे तारे वेगळे, असलेच तर आतल्या फ्रीझरच्या झाकणावर: एक म्हणजे उणे 6 अंश, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. एका ताऱ्यात आठवडाभराचं ठेवा, दोनात महिन्याचं, तीनात तीनेक महिन्यांचं. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये वर्षभराच्या मटाराचा हट्ट नको.

बर्फाचा थर बोटभर झाला की सुरीने खरवडायचा मोह होतो. आतली नळी फुटली तर गॅस जातो, मग दुरुस्ती चांगलीच महाग. फ्रिज बंद करून थर वितळू द्या. थर पुन्हापुन्हा जमत असेल तर दाराचं रबर तपासा: दहाची नोट दारात अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर सैल आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो आणि वीज नेमकी दुपारीच जाते. तेव्हा "बघू तरी" म्हणून दार उघडू नका. वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवून द्या. गावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलंय; मोह न करता टाकून द्या. याच उन्हात ओट्यावर गोठलेली भाजी सोडून ऑफिसला जाऊ नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा. गरम भांडंही तासन्‌तास बाहेर निववत ठेवू नका. परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवा, अर्ध्या तासात निवतं.

राहिलं नाव लिहिणं. पिशवीवर नाव आणि तारीख, भरायच्या आधी, कारण ओल्या पिशवीवर पेन चालत नाही. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मी आमरस गोठवला होता, दूध न घालता, पिशवीत वर थोडी जागा सोडून. शेजारी शिजवून घोटलेली तुरीची डाळ, तीही पिवळी, तीही चपटी. पाहुणे आले, मांडे झाले, ताटं वाढली, आणि वाटीत सुटली ती डाळ. मग घाईने तिलाच लसणाची फोडणी दिली.