पहिल्या वाढदिवसाला बाळाच्या मुठीत मावेल असं

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला पाहुण्यांसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी होतीच. सोलापुरात त्याशिवाय पंगत नाही. पण जिचा वाढदिवस, तिनं काय खायचं?

मी ज्वारीचे घावन केले. एक पिकलेलं केळं कुस्करा, त्यात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दोन चमचे दही, वेलचीची चिमूट. पाणी घालून सरसरीत करा, दहा मिनिटं झाका. मग तुपाच्या तव्यावर तळहाताएवढे घाला. आच मंद, वर झाकण, नाहीतर ज्वारी मधे कच्ची राहते. गार झाल्यावर बोटभर पट्ट्या कापा. साखर-मीठ नाही म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं, आणि मग स्वतःच चार पट्ट्या उचलल्या.

गाजर, रताळं वाफवा; तुकडा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. अख्खे शेंगदाणे आणि लाह्या उंचावर ठेवा, घशात अडकतात. दूध, दाणे चालतात का, हे इतर आयांना आधीच विचारा.

बाळांना जुन्या सोलापुरी चादरीवर बसवूनच खाऊ द्या, रांगताना नको. चादर धुता येते.